वाट अडलेल्यांनी यावे

कर्जत, बुधवार

प्रिय जगदीशदादा,

प्रभूच्या नावात तुला आणि सुप्रियावहिनीला तुझ्या धाकट्या बहिणीचा सलाम. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची शुगर? माझं विचारशील तर सगळं ठीक आहे, फक्त छातीत धडधडतं, जेवण जात नाही आणि प्रार्थनेला डोळे मिटले की समोर एक लोखंडी गेट येऊन उभं राहतं. (डॉक्टर पित्त म्हणाले. त्यांना गेटाचं सांगितलेलं नाही.) फोनवर माझा आवाज कापतो, म्हणून हे पत्र खोपोलीला येणाऱ्या टेंपोवाल्याच्या हाती धाडते आहे. लांबलचक आहे, चहा घेऊन बस.

नर्सची नोकरी संपल्यावर मला प्रभूचं पाचारण झालं हे तुला माहीतच आहे. (वहिनीच्या मते ते रिकामपण.) म्हणून तर मी पुण्याला जाऊन आध्यात्मिक मार्गदर्शनाचा कोर्स केला. त्याचा पहिला धडा असा की मार्गदर्शन करायचं नाही. सल्ला द्यायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, नुसतं सोबत बसायचं आणि फार तर हळूच विचारायचं, "आत काय वाटतं?" (आपल्या घरात वाढलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल ते तूच जाण.) आता खालापूरच्या अंगाला ध्यान-प्रार्थनेसाठी मिशनचं नवं शांतिनिवास झालं, तिथे मार्गदर्शक नेमायची आहे, समितीचा अध्यक्ष तू आणि मुलाखत शनिवारी. म्हटलं, त्याआधी जरा हात बसवावा. शिवाय कोर्समध्ये बजावून सांगितलं होतं की ही सेवा फक्त गाडीतून येणाऱ्यांसाठी नाही, ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांच्यासाठी आधी. म्हणून मी टेंपोत बसून शांतिनिवासाच्या मागच्या डोंगरातल्या वाडीवर गेले आणि समाजमंदिराच्या ओट्यावरून सांगितलं, की ज्यांची वाट अडली असेल त्यांनी रविवारी दुपारी यावं, मी वाट सांगणार नाही पण सोबत चालेन. इतकं सोपं मराठी आपल्याला सुचलं याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

रविवारी बायकाच बायका आल्या आणि प्रत्येकीच्या काखेत हंडा. मला वाटलं इकडची रीत असेल. पुढे पारू बसली. पारू माझ्याच वयाची, वाडीतली सगळ्यात बोलकी, एक पाय सुजलेला. म्हणाली, "बाई, वाट अडलीय." मी मान हलवली आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. मग विचारलं, असं कधीपासून वाटतंय? "वाटत नाय, अडलीच हाय. दिवाळीपासनं." किती प्रामाणिक बाई, असं मनात म्हणत मी आवाज आणखी खाली आणला आणि विचारलं, "आणि आत काय वाटतं?" पारूने बाकीच्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाईला ऐकायला कमी येत असावं अशा बेताने ओरडून सांगितलं, "आत कुत्रा हाय!"

दादा, त्या कुत्र्यावर मी बराच वेळ मनन केलं. (प्रतिमेला घाई करू नये असं शिकवतात.) कुत्रा म्हणजे राग असेल, भीती असेल, कदाचित नवरा असेल. तो चावतो का, असंही विचारलं. "सुटला तर चावंल की." हे ऐकून तर माझे डोळे भरून आले. शेवटी पारूच कंटाळून उठली, म्हणाली, "सोबत चालनार बोललात ना? मंग चला की, बाई," आणि माझ्या कमरेवर एक हंडा टेकवला.

चालले. झऱ्याकडे जाणारी त्यांची पायवाट टेकाडाला वळसा घालते आणि तिथेच संपते. तिथे तारेचं कुंपण आहे, गेट आहे, गेटाला कुलूप आहे, आणि आत, पारूने सांगितलं होतं तसाच, कुत्रा आहे. झरा पलीकडे हाकेच्या अंतरावर. आता बायका पाण्यासाठी ओढ्यातल्या दगडधोंड्यांवरून लांबचा फेरा घेतात, त्यातच पारूचा पाय मुरगळला. मला असा संताप आला की काय सांगू! कोण हा फार्महाऊसवाला, म्हणून मी तरातरा पाटी वाचायला पुढे झाले. पाटीवर होतं: 'शांतिनिवास. तहानलेल्यांचे स्वागत असो. कृपया मौन पाळावे.' आणि खाली, अध्यक्ष म्हणून, तुझं नाव.

मौन कुत्रा सोडून सगळ्यांनी पाळलं. वॉचमन नवशा (तोही वाडीचाच, खाली मान घालून बोलत होता) म्हणाला, साहेब आल्याबिगर कुलूप निघत नाय. पारूने मला विचारलं, "तुमच्यातलेच हायेत का वो हे सायब?" मी म्हटलं, ओळखीचे आहेत. दादा, ज्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेले, त्याला मी ओळखीचे म्हटलं! तेव्हापासून ही धडधड. मला भीती वाटते. बोलले तर जागा जाईल आणि तू दुखावशील. गप्प बसले तर त्या ध्यानाच्या खोलीत बसून मी कुणाला 'आत काय वाटतं' विचारणार? सल्ला द्यायची मला मनाई आहे, म्हणून देत नाही. शनिवारी समितीपुढे माझ्याविषयी दोन चांगले शब्द बोल, एवढीच विनंती.

तुझी घाबरलेली बहीण,
ललिता

ता.क. वरची विनंती राहू दे. शनिवारी मुलाखतीला मी मागच्या वाटेने येणार आहे. वाडीतल्या बायका आणि हंडे सोबत असतील. (सोबत मी चालणार होते, पण मुलाखतीचं कळल्यावर त्याच माझ्या सोबतीला निघाल्या.) गेटाची चावी तुझ्याकडे असते असं नवशा म्हणतो. येताना आण. म्हणजे पारूसाठी दुसरी करून घेता येईल.

आणखी ता.क. तोवर तुला एकच विचारते, शिकवलंय तसं, अगदी हळू आवाजात: कुंपण घातल्यापासून, दादा, आत काय वाटतं? नीट विचार करून लिही. कुत्रा आहे असं मात्र लिहू नकोस. पारू त्याला आता रोज भाकरी घालते, आणि काल मी पुन्हा वाडीवर गेले तेव्हा तो तारेखालून निघून आमच्या बाजूला येऊन बसला.