एक्केचाळीस खुणा आणि गाडीखालचा गंज

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (गेले चार दिवस मी बराच वेळ गाडीखाली आडवीच असते, त्यामुळे साष्टांग हा शब्द या वेळी अगदी खरा समजावा.) मामींचा गुडघा कसा आहे? त्या अजून जिना उलट्या उतरतात का? आणि वेल्डिंग करताना तुम्ही चष्मा डोळ्यांवर लावता की अजून कपाळावरच, तेही कळवा. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण मी खोटं लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. इकडे कोणीच खुशाल नाही.

बाबा ज्यांची गाडी बावीस वर्षं चालवत होते, त्यांनी ती विकून टाकली आणि बाबा घरी बसले, इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे. घरी बसलेले बाबा मात्र तुम्ही पाहिलेले नाहीत. ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या खुर्चीवर बसतात आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरचे आरसे पुसतात. (शेजारी आता स्कूटर मुद्दाम लांब लावतात.) अशात टेकडीवरच्या ज्या आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तिथल्या लोकांची ने-आण करायला गाडी हवी असल्याचं कळलं. रस्ता असा की साधी गाडी अर्ध्यात रुतून बसते; चारही चाकांना जोर मिळणारी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हच पाहिजे. काम एक तारखेपासून, आणि त्याआधी येत्या शुक्रवारी गाडीची सरकारी तपासणी. नवी गाडी आपल्या आवाक्यात नाही, म्हणून बाबांची सगळी शिल्लक घालून जुनी घ्यायची ठरली. जुन्या गाडीत सगळ्यांत आधी पाहायचं काय, तर गंज. गंज हा शब्द निघाला आणि घरातली सगळी माझ्याकडे वळून बसली. आपल्या दोन्ही घरांतली मी पहिली पदवीधर, त्यात विषय रसायनशास्त्र. गंजाच्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ गुण होते, हे आत्याने गल्लीत कधीच सांगून टाकलेलं.

मी तयारी मनापासून केली, मामा. ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली आणि एक्केचाळीस मुद्द्यांची यादी काढली. दारांच्या कडा, चाकांवरच्या कमानी, काचेभोवतीचं रबर, सगळं. गाडीचे मालक निवृत्त मुख्याध्यापक निघाले. मी वाकून नमस्कार केला, आणि आता वाटतं, तिथेच मी वाकायला नको होतं, वाकायचंच होतं तर गाडीखाली वाकायला हवं होतं. खाली नुसतं डोकावले, तर सगळीकडे ताजा काळाभोर रंग. मी लिहिलं, ‘चांगली निगा राखली आहे’, आणि खूण केली. मुद्दा सतरा असा होता की चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. हातोडी माझ्या पिशवीत होती. पण चाळीस वर्षं मुलांना सत्य बोलायला शिकवलेल्या माणसासमोर त्याच्याच गाडीला ठोकून बघायचं मला जमेना. म्हणून मी सरळ विचारलं, सर, गंज आहे का? ते म्हणाले, “बाळ, जुन्या लोखंडाला थोडाफार असायचाच.” या स्पष्टपणाने मी इतकी भारावले की सतराव्या मुद्द्यापुढे ‘मालक प्रामाणिक’ असं लिहून मोकळी झाले. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. बाबांनी कागद हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि व्यवहार केला.

घरी येताना मागे आत्या बसली होती. अर्ध्या वाटेत ती म्हणाली की पायाला छान वारा लागतोय. मला वाटलं, खिडकी उघडी असेल. मग तिची चप्पल गेली. कुठे गेली ते कळेना, म्हणून पायाखालचा गालिचा उचलला, तर खाली रस्ता. (चप्पल परत मिळाली. मागून येणाऱ्या दूधवाल्याने आणून दिली आणि आणखी काही पडणार आहे का, तेही विचारून गेला.)

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली. मिस्त्री जॅक लावायला गेला. एका ठिकाणी लावला, दुसऱ्या ठिकाणी लावला, मग उठून हात पुसत माझ्याकडे आला. “ताई, गाडी वर येत नाहीये. जॅकच आत चाललाय.” त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सांगाड्यात टोचला, तो मुठीपर्यंत आत. दुसरीकडे टोचला, तिथेही तेच. लोखंड बिस्किटासारखं चुरून खाली पडत होतं. म्हणाला, “ही रंगाच्या जिवावर उभी आहे. तुम्हीपण एक हात काळा मारा आणि द्या पुढे ढकलून.” यावर मी त्याला प्रामाणिकपणावर बराच वेळ ऐकवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गाडी घेताना कोणी तपासली होती? मी यादी पिशवीत आणखी खाली सारली.

मुख्याध्यापकांकडे गेले होते. दाराला कुलूप. मुलीकडे राहायला गेलेत, कधी येतील ते शेजाऱ्यांना माहीत नाही. आई भांडी जोरात ठेवते. बाबा आता या गाडीचेही आरसे पुसतात, ते मला सहन होत नाही. मी शिकले ते घरातल्यांना फसवणूक ओळखता यावी म्हणून, असं मी निरोप समारंभाच्या भाषणात म्हटलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शुक्रवारी गाडी नापास झाली तर ते काम दुसऱ्याला जाईल आणि बाबा पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसतील. तिथे त्यांना मी बसवलेलं असेल.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.
तुमची (पदवी तूर्त बाजूला ठेवलेली) भाची

ता. क. बुधवारपर्यंत वेल्डिंग मशीन आणि जाड पत्रा घेऊन याल का? पत्र खरं याचसाठी लिहिलं. आधी तब्येत विचारली तीही खरीच.

ता. क. २. पत्रा लावूनही वेळेत जमलं नाही तर, म्हणजे अगदीच नाही जमलं तर, तो काळा रंग कुठल्या दुकानात मिळतो? नुसतं माहीत असावं म्हणून विचारते.

मेहुणे, नमस्कार. पोरीने पाकीट पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी लिहितो. तिला सांगू नका. गाडी बघायला गेलो त्या दिवशी मी मागच्या चाकाच्या वर हात घातला होता, बोटांना गंजाचे पापुद्रे लागले होते. पण तिच्या कागदावर सगळीकडे बरोबरची खूण होती. मला वाटलं, शिकलेल्यांच्या हिशोबात एवढा गंज चालत असेल. पोरगी जेवत नाही. मशीन घेऊन लवकर या, आणि आल्यावर गाडीखाली जाऊन तिला ऐकू जाईल असं एवढंच म्हणा, की हा गंज कोणालाच दिसला नसता.