रिकाम्या आभाळातली दीर्घिका

माधव नगर, उज्जैन
१८ जानेवारी १९५७

प्रिय प्रतिभा,

तुझं पाकीट आलं. फोटो अजिबात मुडपला नाही. तू खूण केलेल्या वर्तुळात मला आधी काहीच दिसेना. खिडकीशी नेला तेव्हा कुठे एक पुसट डाग दिसला, पाटीवर ओलं बोट टेकल्यासारखा. याच डागाला तुझे प्रोफेसर फोटोच्या काचेतला दोष म्हणत होते, आणि तू हट्टानं त्याच जागेचा फोटो पुन्हा काढायला लावलास. दुसऱ्या काचेवरही डाग तिथंच होता. हे मी मॅट्रिकच्या वर्गाला वाचून दाखवलं. गणिताचा अर्धा तास त्यातच गेला, जाऊ दे.

मोठ्या दीर्घिका घोळक्यानं राहतात हे पोरांना पटलं. पण घोळक्यांमधल्या ओसाड जागेत ही एवढीशी, बुटकी दीर्घिका एकटी काय करते, यावर बराच गोंधळ झाला. मी म्हटलं, फ्रीगंजच्या बाजारात दिव्यांच्या रांगा असतात, ते कुणालाही दिसतात. आगर रोडला पार पुढे एखाद्याच झोपडीत रॉकेलची चिमणी जळत असेल, तर ती बघायला मुद्दाम तिकडे जावं लागतं. बाई तिकडे गेल्या, असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

अक्काचं सांगतो. तू परदेशी निघालीस तेव्हा तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आठवतं ना? मूल टाकून कोण जातं, हेच तिचं पालुपद. तर परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं तुझा फोटो बैठकीत ठेवला. आपली नंदा तो कडांना धरून एकेकीपुढे नेत होती. शेजारच्या अंबिकाबाईंनी विचारलं, "बहूजी वहाँ खाली जगह में क्या देखती रहती हैं?" अक्का शांतपणे म्हणाली, "जहाँ किसी ने देखा नहीं, वहाँ देखती है. और मिला भी." मग बाकीच्यांकडे वळून, "आमच्या सुनेनं शोधलंय. तिळगूळ घ्या." मी आतल्या खोलीत होतो. आई माझी, पण तिचा असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

नंदा आता जोडाक्षरं वाचते. शाळेच्या पाटीवरचं 'मध्यभारत' खोडून 'मध्यप्रदेश' रंगवलंय, ते तिनं मला थांबवून वाचून दाखवलं. तिची वेणी मी घालतो. भांग वाकडा पडतो, ती चालवून घेते. तापात ती तुला हाका मारत होती, असं मी मागं लिहिलं ते खरंच होतं. पण ताप उतरला, आता खोकलाही नाही.

आता लिहायला बसलो ते ज्यासाठी. तू मार्चच्या बोटीचं तिकीट काढलंयस. उरलेलं मोजमाप तिथलं कुणीतरी पुरं करील, असं शेवटी एका ओळीत उरकलंस. ती ओळ मी अक्काला वाचून दाखवली. तिनं विचारलं, "मग नाव कुणाचं लागेल?" मी म्हटलं, जो पुरं करील त्याचं. तिनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "तिला लिही, एवढ्यात येऊ नकोस. नंदाला मी बघते." नंदाला सांगितलं तर ती रडली. मी समजूत घातली नाही, जवळ घेऊन बसलो. मलाही तू इथे हवी आहेस, हे लपवत नाही. तरी तिकीट परत कर. ती दीर्घिका किती लांब आहे, तिच्यात तारे किती, त्या ओसाडीत तिच्यासारखी आणखी कुणी आहे का, हे सगळं तूच मोज आणि मग ये. वाट बघायचं काम आमच्याकडे.

तुझाच,
शरच्चंद्र