साडेसहा फुटी की आठ फुटी

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. गाड्यांचे सगळे कागद नीट वाचले, तूच करून दिलेला चष्मा लावून. शनिवारपर्यंत तुला विक्रेत्याला होकार कळवायचा आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो. फोनवरही सांगता आलं असतं. का सांगितलं नाही ते शेवटी येईल. तू लिहिलं आहेस, ‘दादा, मी आठ फुटी हौद्याचीच पिकअप घेते. साडेसहा फुटीला ती सरकती बैठक लागते. दर वळणाआधी उतरून दांडा ओढणं हे माझ्यासारख्या विसराळू बाईचं काम नाही. तुला तर माहीतच आहे.’ आणि खाली एक हसरा चेहरा काढला आहेस. पत्रातलं बाकी सगळं बरोबर आहे. मला या तीन ओळींबद्दल बोलायचं आहे. पण आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

गाडीमागे ओढायची तुझी फिरती खोली आठ फूट रुंद आहे. आत तपासणीची खुर्ची, भिंगं घासायचं यंत्र, चष्म्यांची कपाटं. वजन भरपूर, त्यामुळे मागच्या हुकाला अडकवून चालणार नाही. खोलीचं पुढे आलेलं नाक गाडीच्या हौद्यावर येणार आणि नाकाखालचा लोखंडी खुंटा हौद्यातल्या बैठकीत बसणार. ही बैठक मागच्या चाकांच्या बरोबर वर हवी. चार बोटं पुढे चालेल, मागे नाही. मागे गेली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. म्हणजे बैठकीची जागा चाकं ठरवतात, आपण नाही. तिथपासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत किती अंतर उरतं, एवढाच हौद्याच्या लांबीचा प्रश्न आहे. आठ फुटीत साडेचार फूट उरतं, साडेसहात सव्वातीन. खोलीची निम्मी रुंदी चार फूट. काटकोनात वळलीस की खोलीचा कोपरा तेवढा पुढे येणार. साडेचारात तो मावतो. सव्वातीनात काचेतून आत येतो. विक्रेता म्हणेल, एवढं कोण वळतं हो ताई? सगळे वळतात. तुला तर शाळांच्या फाटकांतूनच आत जायचं आहे. साडेपाच फुटीचा कागद त्याने कशाला जोडला कळत नाही. तो फाडून टाक.

साडेसहाला उपाय म्हणून सरकती बैठक. वळणाआधी थांबायचं. एकाने उतरून दांडा ओढायचा. चालवणाऱ्याने ट्रेलरचा ब्रेक धरून गाडी सव्वा फूट पुढे घ्यायची. बैठक मागे सरकते, खट्‌ असा आवाज होतो. मग उतरलेल्याने हौद्याच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या. थापा ऐकल्याशिवाय वळायचं नाही. वळून रस्त्याला लागण्याआधी बैठक परत पुढे. ही दोन थापांची पद्धत आपल्याकडे तू आणलीस. त्याआधी बाबा खाली उभे राहून ओरडायचे, आणि इंजिनाच्या आवाजात त्यांचं चल आणि त्यांचं थांब, दोन्ही शिव्यांसारखंच वाटायचं. आता आपल्या कामावरच्या वेल्डरने हाताखाली नवीन माणसं ठेवली आहेत, त्यांनाही तो खोली जोडताना तुझ्याच दोन थापा शिकवतो. पद्धत कुणाची, हे त्यांना ठाऊक नाही.

दुसरा प्रश्न, लांब गाडी सरळ रस्त्यावर जास्त स्थिर असते का. असते. वाऱ्यात फरक कळतो. पण तुझे रस्ते एका गावाहून दुसऱ्या गावाला, तासा-दीड तासाचे. मागच्या भेटीत तू चहा टाकलास तेव्हा मी खाली जाऊन तुमची गल्ली पावलांनी मोजली. तुझे मास्तर गॅलरीतून विचारत होते, ‘काही हरवलं का दादा?’ कोपऱ्यावरचा तो दिव्याचा खांब धरला तर तिथे वीस फूट लांबीची गाडी एका दमात वळते, म्हणजे चार दारांची साडेसहा फुटीही. चार दारांची आठ फुटी बावीस फुटांच्या वर जाते. ती रोज तीनदा मागेपुढे करावी लागेल आणि शेजारच्यांशी भांडणं होतील. राहिली दोन दारांची आठ फुटी, जी तू निवडली आहेस. तिला मागची सीट नाही. मास्तर नोंदवही सांभाळणार आणि लेक फ्रेमा दाखवणार असं तूच मागच्या खेपेला सांगितलंस. मग त्या गाडीत बसणार कोण? तू लिहितेस, लेक बसने येईल मागून. मी हे वाक्य दोनदा वाचलं.

आपली पहिली पिकअप साडेसहा फुटीच होती, चार दारांची. आई गेल्यानंतरच्या वर्षी बाबांनी घेतली. बांधकामावरच्या ऑफिसच्या खोल्या भाड्याने द्यायचा धंदा तेव्हा नुकता उभा राहत होता, आणि विक्रेता आठ फुटीसाठी मागे लागला होता. बाबा म्हणाले, ‘आम्ही तिघं आहोत. तिघांना बसायला जागा पाहिजे.’ झालं, एवढ्यावर सौदा. चालवायला मी, शेजारी तू, मागे बाबा, मांडीवर डबा. बाबा पहिल्या मैलातच झोपायचे, आणि जागे झाले की मी झोपलोच नव्हतो म्हणून आपल्याशी वाद घालायचे. तू तेव्हा बावीस वर्षांची होतीस, मी सव्वीसचा. दांडा तुझ्याकडे होता. पाच वर्षं. मी एकदा सहज हिशेब केला, आठवड्याला दहा-बारा वळणं धरली तर तीन हजारांच्या आसपास जातात.

पुढचं घरात सगळ्यांना पाठ आहे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या महिन्यात तिने हे ऐकलं. अपघाताच्या त्या दिवशी तिसरी खोली शाळेच्या नव्या इमारतीच्या कामावर न्यायची होती. मागच्या फाटकातून आत वळताना खोलीचा कोपरा काचेतून आत आला. बाबांचा चष्मा पायाशी पडला होता, तो उचलायला ते नेमके वाकले होते, म्हणून डोकं वाचलं. कानामागे नऊ टाके पडले. बैठक बघितली तर पुढेच. बाबांनी रुमाल कानाला दाबून विचारलं, ‘दांडा कुणाकडे होता?’ तू म्हणालीस, ‘मी ओढला होता.’ टाके घालून झाले तेव्हा म्हणत होतीस, ‘मला वाटतं, ओढला होता.’ दिवेलागणीला स्वयंपाकघरात ताट पुढ्यात घेऊन म्हणालीस, ‘सकाळपासून दोनदा ओढला, त्यात हा तिसरा मनात मिसळला असेल.’ माणसाचा आपल्याच आठवणीवरून विश्वास कसा उठतो, हे मी त्या एका दिवसात पाहिलं.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुढच्याच महिन्यात आठ फुटी आणली. बैठक पक्की, सरकायचं काम नाही, दांडा नाही, कुणी विसरायचा प्रश्न नाही. तिला दोन सीटा होत्या. एक माझी, एक बाबांची. तुला कुणी येऊ नको म्हटलं नाही, बसायला जागाच नव्हती. तू वर्षभर ऑफिसात फोन घेतलेस, मग चष्म्यांचं शिकायला गेलीस. तिथे मास्तर भेटले, म्हणजे नंबर काढायला आले आणि तीन वेळा आले, तेव्हा एकंदरीत वाईट झालं नाही असं आम्ही म्हणत आलो.

पण तू गॅसची कळ तीनदा बघतेस. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जातेस आणि परत येतेस. गिऱ्हाइकाचा नंबर दोन वह्यांत लिहितेस आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावतेस. मागच्या भेटीत आपण सगळे बाहेर पडलो तेव्हा लेक म्हणाली, ‘आई, कुलूप लागलंय. मी साक्षीदार आहे, लिहून देऊ का?’ आणि आपण सगळे हसलो. मीही. तू सगळ्यांत जास्त हसलीस आणि परत जाऊन कुलूप ओढून आलीस. तुझ्या दुकानात वीस वर्षांत एकाही माणसाला चुकीचं भिंग गेलेलं नाही, हे मास्तरांनी मला सांगितलं. विसराळू बाईचं दुकान असं चालत नाही.

आता जे सांगायला बसलो ते. त्या दिवशी आपण आधी शाळेच्या पुढच्या फाटकाशी थांबलो होतो. तू उतरलीस, दांडा ओढलास, मी गाडी पुढे घेतली, खट्‌ झालं, तू थापा मारल्यास. तेवढ्यात पहारेकरी आला, म्हणाला, आत सिमेंटची गाडी रुतली आहे, वळसा घालून मागच्या फाटकाने या. तू मैदानातून चालत मागचं फाटक उघडायला गेलीस. वळसा मोठ्या रस्त्याने होता, आणि बैठक मागे ठेवून मोठ्या रस्त्याला लागायचं नाही, म्हणून मी उतरलो, दांडा ओढला, वर चढलो आणि ट्रेलरचा ब्रेक धरून गाडी सव्वा फूट मागे घेतली. बैठक पुढे आली. बाबा झोपले होते. ते नियमाप्रमाणेच केलं, त्यात चूक नव्हती. चूक पुढे झाली. मागच्या फाटकाशी आलो तर तू फाटक धरून उभी होतीस. तू फाटकात उभी असलीस म्हणजे दांडा झालेलाच असायचा, पाच वर्षं कधी वेगळं झालं नव्हतं. थापा ऐकायला थांबलो नाही. स्टिअरिंग फिरवलं. दवाखान्याच्या बाकावर तू मला एकदाच विचारलंस, ‘दादा, मधे तू बैठक सरकवली नव्हतीस ना?’ मी नाही म्हणालो. बाबांच्या शर्टाला रक्त होतं, आणि त्याच महिन्यात ते गाडी आणि काम माझ्या हाती सोपवणार होते. दुसऱ्या दिवशी सांगू असं ठरवलं. त्या दुसऱ्या दिवसाला तेवीस वर्षं झाली. तुझं पाकीट आल्यावर मंगळवारी बाबांना सांगितलं. ते अंगणात बिजागरीला तेल घालत बसले होते. बराच वेळ कानामागे चाचपत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे तिने ओढला होता.’ मी हो म्हटलं. ‘तिला पत्र लिही. फोनवर तू हवापाण्याचं बोलशील.’ थोड्या वेळाने, बिजागरीकडेच बघत, ‘ती आठ फुटी मला कधीच आवडली नाही.’ माफीचं मी लिहीत नाही, ते तुझं तू बघ, आणि घाईने काही बोलू नकोस. शनिवारी मात्र होकार द्यायचा आहे, आणि तो तू माझ्या त्या एका ‘नाही’वरून देऊ नयेस. साडेसहा फुटी घे, चार दारांची. मास्तर पुढे, लेक मागे. दांडा तुझ्याकडेच ठेव. चालवायला मास्तर शिकतील, त्यांना थापांची वाट बघायला शिकव. त्या दिवशीही पुढच्या फाटकाशी तू दोन थापा मारल्या होत्यास. मी ऐकल्या होत्या.

तुझाच,
दादा