गार्डाची बायको परत येते

८ जानेवारी, सोमवार. सकाळी ७
दाढ ठणकते आहे. लवंग धरली, उपयोग शून्य. आज नसरापूरला डेंटिस्टकडे. पेपर बरोबर नेणार, कारण तिथे वेटिंग रूममध्ये टीव्ही असतो आणि टीव्हीवर हिंदी सिनेमा. वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत मी एकही हिंदी सिनेमा पाहिलेला नाही. अख्ख्या भोरमध्ये असा दुसरा माणूस नसावा. बत्तीस वर्षं जमिनी मोजल्या. जे मोजता येत नाही त्यावर वेळ घालवला नाही.

दुपारी ३
नंबर अकरावा होता. सिनेमा इंटरव्हलनंतरचा. (नाव लिहीत नाही. रोजनिशी कुणाच्या हाती लागली तर?) नायक रेल्वेत गार्ड. वीस वर्षांत बायकोशी दोन शब्द धड बोललेला नाही. एक दिवस ती घर सोडून जाते. मग हा स्टेशनामागून स्टेशनं तिला शोधत फिरतो. तद्दन खोटं. मी पेपरच वाचत होतो. चार पेशंटना पुढे जाऊ दिलं ते केवळ माणुसकी म्हणून. शेवटी एका आडबाजूच्या स्टेशनवर ती दिसते, हा जाऊन तिच्या शेजारी बाकावर बसतो, आणि नेमका माझा पुकारा झाला.
डोळ्यांत पाणी आहे, फार दुखतंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. हो म्हणालो. दाढेचंच होतं.

९ जानेवारी
दाढ काढली. पाणी अजून येतं आहे. भूल उतरायला वेळ लागतो म्हणतात.

११ जानेवारी
गार्ड डोक्यातून जात नाही. इतका दगड माणूस असू शकतो? वीस वर्षांत बायकोला एकदाही कुठे फिरायला नेलं नाही! लेखकाने जरा जास्तच ताणलं आहे. हे बायकोला, सौदामिनीला, सांगणार होतो, पण ती चहा ठेवून निघून गेली. मी पेपरात होतो.
संकल्प: हिंदी सिनेमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास. रोज एक. वहीत रकाने आखले: कथा, अभिनय, गाणी, शेरा. मार्चपर्यंत तज्ज्ञ.

१५ जानेवारी
चार दिवसांत पाहिलेले सिनेमे: पाव. तोही मोबाईलवर, त्यात डोळा लागला. दोष स्क्रीनच्या आकाराचा.
जेवताना सौदामिनीला गार्डाची गोष्ट पाऊण तास समजावून सांगितली. शेवट पाहिलेला नाही, पण तर्काने भरला: बायको परत येते. वीस वर्षांचा संसार टाकून जाईल कुठे? सौदामिनी म्हणाली, भात वाढू का. तिला या विषयात गती दिसत नाही. शिकवावं लागेल.

२१ जानेवारी, रविवार
एस.टी. स्टँडवर विंझरचे गेनबा भेटले. त्यांचं शेत मीच मोजलं होतं, आणि त्यांच्या भावाशी चाललेली कटकट मिटवली होती, तेव्हापासून मला फार मानतात. चांगला सिनेमा कसा बघावा हे गावाला दाखवतो म्हटलं. ते लगेच तयार. पुढच्या रविवारी दुपारी, विंझरचं समाजमंदिर, मंडळाचा प्रोजेक्टर, सिनेमा गार्डाचाच. आधी माझं प्रास्ताविक, चाळीस मिनिटं.
शेवट आधी पाहून ठेवावा का? नको. प्रेक्षकांबरोबर पाहण्यात प्रामाणिकपणा आहे.
सौदामिनी मीपण येते म्हणाली. म्हटलं ये, वही घेऊन ये.

२८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७
गर्दी चांगली. साठेक माणसं. खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. प्रास्ताविक सुरू केलं. बाराव्या मिनिटाला गेनबा उठून उभे राहिले.
"सायेब, ह्यो पिक्चर आमी लई येळा पाह्यलाय. तुमी जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडद्यावर पडतीया."
बाजूला होता होता निष्कर्ष तेवढा सांगितला: शेवटी बायको परत येते. त्यावर गेनबांच्या आई, बाळाबाई, पुढच्या सतरंजीवरून म्हणाल्या,
"कुठं परत येती? गाडीत बसून जाती ती. बरं करती."
बायकांनी टाळ्या वाजवल्या.
सिनेमा बघितला. खरंच जाते. गार्ड बाकावर तसाच, गाडी हलते, ती मागे वळूनसुद्धा बघत नाही. पटकथा कमकुवत आहे.
दुसरी गोष्ट. बाळाबाईंच्या शेजारी बसलेली सौदामिनी प्रत्येक संवाद ओठातल्या ओठात म्हणत होती. एकही चुकला नाही.
परतीच्या गाडीत विचारलं. म्हणाली, लागला त्याच आठवड्यात पुण्याला जाऊन पाहिला, बावीस वर्षं झाली. एकटीने. "तुम्हाला विचारलं होतं. रविवार होता. तुम्ही म्हणालात, आंबवड्याला मोजणी आहे."
मला आठवत नाही. मी कामाचा माणूस होतो.

३१ जानेवारी
रविवारी मोजणी नसायची. तातडीची असू शकते, पण मला अशी एकही आठवत नाही.
वहीत आज काही लिहिलं नाही.

२ फेब्रुवारी
निर्णय घेतला. रविवारी सौदामिनीला पुण्याला सिनेमाला नेणार. मध्ये मध्ये हळू आवाजात समजावून सांगेन. थोडक्यात. खरं तर नाहीच सांगणार.
ऐकून तिने मोबाईल दाखवला. रविवारचं तिकीट काढलेलं. एक. तिला मोबाईलवर तिकीट काढता येतं हे मला माहीत नव्हतं. दुसरं काढू का म्हटलं. म्हणाली, "राहू द्या. मला एकटीने बघायची सवय झालीय."
रागाने नाही म्हणाली. भाजी निवडत होती.

४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०
ती साडेनऊच्या गाडीने गेली. अबोली साडी. नवी असावी. किंवा मी आधी पाहिली नसेल.
एकांत मिळाला हे उत्तम. गार्डावरचा समीक्षालेख आज पूर्ण करणार.

दुपारी २
लेखाचं एक वाक्य झालं. खोडलं.

संध्याकाळी ७
साडेपाचलाच स्टँडवर जाऊन बसलो. व्यायाम म्हणून. ती साडेसहाला उतरली. मला पाहून थांबली, आश्चर्य वाटलं असावं. सिनेमा कसा होता विचारलं.
म्हणाली, छान होता. शेजारची खुर्ची रिकामी होती, पिशवी ठेवायला बरी पडली.
पिशवी मी घेतली.