आधी चूल विझवा

बाबा, गेल्या आठवड्यापासून आई आणि मी टीव्हीवर एक खुनाची मालिका बघतोय. बँकेतून घरी येते तेव्हा अंगात त्राण नसतं, मालिका लावून पडून राहणं तेवढं जमतं. तशी ती वाईट नाही. उगाच गोळीबार नाही, फौजदार माणसासारखा चुकतो, आणि खुनी कोण याचा पत्ता लागू देत नाहीत. पण गावातली माणसं पुस्तकातल्यासारखी बोलतात, नुसतं दार उघडलं तरी वाजंत्री सुरू होते. ठाण्यातलं ते चकचकीत टेबल बघूनच तुम्ही उठून गेला असतात.

काल मात्र मला ते बघवेना. शिपाई दारात आला आणि भाकरी थापणाऱ्या आईला उभ्याउभ्याच म्हणाला, तुमचा मुलगा गेला. ताट पडलं, ती किंचाळली, आणि लगेच पुढचा प्रसंग. तुम्ही गुडीहत्नूरच्या ठाण्यात जमादार होता. साहेब तेलुगू बोलणारे, म्हणून मराठी घरांत असला निरोप न्यायला नेहमी तुम्हीच. एका बाईनं तुमचं बोलणं ऐकून जळत्या चुलीतच हात टेकला होता, तेव्हापासून तुम्ही रीत बदलली. जेवताना सांगायचात, "आदी पानी मांगाचं. मंग म्हनाचं, बाई, चूल इझवा. ते इझल्याबिगर तोंड उघडाचं नाई." नव्या शिपायांनाही तुम्ही हेच शिकवलंत.

त्यातलाच एक आपल्या दारी आला. तुम्ही सकाळी ड्युटीवर गेला होता, आई बाजारात होती, मी भाकरी करत होते. त्यानं पाणी मागितलं. पेला परत देताना खाली बघून म्हणाला, "ताई, गॅस बंद करा." तुमची रीत मला पाठ होती, बाबा. पुढं सांगायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं.

काल मी टीव्ही बंद केला तर आई म्हणाली, "काऊन बंद केलं वं? आता खुनी सापडला असता ना." डोकं दुखतं म्हणाले. तिला कधी सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी गॅस बंद केला नाही. तीच भाकर उलटत राहिले, काळी पडली तरी उलटत राहिले. तो बिचारा दारात उभा, तुमचा शब्द मोडवत नव्हता त्याला. तेवढा वेळ तुम्ही होता.