नखभर काच

धाकट्या,

तुझ्या पलटणीचा पत्ता कोणी देत नाही, म्हणून हे पत्र उशीखालीच राहील. इकडे सगळं ठीक आहे. फक्त माझा पाय एका जागी ठरत नाही.

काल हुकूम आला: विमानं येतील, काचा काळ्या रंगवा. मी ब्रश घेऊन स्टुलावर चढले, तर आजी ओरडली, "अगं, तो कोपरा सोड! नखभर."

मागच्या लढाईत, तरुणपणी, ती गल्लीभरच्या खिडक्या रंगवायची. प्रत्येक घरात एक कोपरा नखाने खरवडून ठेवायची. साहेब तपासायला आला की त्यावर अंगठा दाबून उभी!

"पण कशाला?"

"येणारा माणूस दिसायला नको?"

तिचा भाऊही तेव्हा लढाईवर गेला होता ना. मी विचारलं, "आला का गं तो?"

"ब्रश धू आधी. कडक होईल."

धुतला. कोपरा सोडलाय. आजीला आता धड दिसत नाही, तरी सकाळपासून तिथे आम्हा दोघींची रांग लागली आहे. मी डोळा लावला की ती मागून विचारते, "आला का गं?"

कोण, ते मी विचारत नाही.

अजून उभीच असलेली,
तुझी ताई