वाफ्यात टाकलेल्या गोळ्या

बाबा, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि आज मी तुम्हाला पालकाविषयी लिहायला बसले आहे. तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर. घरी पिवळ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणायचात, त्यांचा वास मला सोसायचा नाही. कॉन्व्हेंटचा गणवेश घालून, हातात वेणीची रिबीन, मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी आहे आणि गोळी मेथीच्या वाफ्यात टाकते आहे. मागून तुमचा आवाज येतो, "काहून वं, मेथीले अशक्तपणा आला का?" मग समोर उभं राहून तुम्ही दुसरी गिळायला लावलीत. रागावला होतात, पण ओठ हसत होते.

परवा एका शेतीच्या मासिकात वाचलं की, सी व्हिटॅमिनच्या पाण्यात बी भिजवलं तर भाजीचं रोप जमिनीतल्या जड धातूंचा त्रास जास्त सहन करतं. मी एकटीच हसले. वणीत आमच्या घरामागच्या तुकड्यावर तांड्यावरची एक बाई पालेभाजी करते, त्यावरच तिचं घर चालतं. तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे. माती तपासली तर शिसं निघालं. पालक खुरटा, पिवळा. मग मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या, खलात कुटल्या, बी रात्रभर भिजवलं आणि शाळेत सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे दोन वाफ्यांवर पाट्या लावल्या. एक गोळ्यांचा, एक साधा. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. "ताई, लोकं पोराईले देत नाही गोळ्या, तुम्ही पालकाले देऊन राह्यल्या!"

महिन्याभरात गोळ्यांचा वाफा खरंच हिरवागार झाला. तिने टोपली आणली. "आता न्याव काय बाजारात?" मी म्हटलं, थांब, पान हिरवं झालं म्हणजे शिसं गेलं असं नाही, रोप ते सोसतंय एवढंच. "मंग माह्या काय कामाचं ते?" ती म्हणाली. मी दोन्ही वाफ्यांची पानं तपासायला पाठवली. अहवाल आला : दोन्ही खाण्याजोगी नाहीत. तिने सगळा पालक उपटला, पोत्यात भरला. मग म्हणाली, "झेंडू लावू. तो कोणी खात नाही."

तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणून सांगते. अहवाल हातात आला तेव्हा मी आधी शिशाचे दोन आकडे ताडून पाहिले. माझ्या गोळ्यांच्या वाफ्यातला थोडा कमी होता. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "बघ!" म्हटलं. ती शेजारीच उभी होती, रिकामी टोपली घेऊन.